क्षीण संकेत आणि विवर्धकातील गोंगाट

पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या पूर्वेस असलेल्या खोडद गावाच्या परिसरात आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या प्रचंड जाळीदार तबकड्या पुणे-नाशिक मार्गावरील प्रवाशांच्या परिचयाच्या आहेत. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या मिळून ‘जीएमआरटी’ या नावाने जगभर ओळखली जाणारी महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण बनलेली आहे. त्यांपैकी १४ तबकड्या मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटर क्षेत्रात असून उरलेल्या १६ तबकड्या इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात तीन दिशांना दूरवर पसरलेल्या आहेत. परस्परांपासून सर्वांत दूर असलेल्या दोन तबकड्यांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ही दुर्बीण उभारली आणि २००१ मध्ये ती जगातील शास्त्रज्ञांना अर्पण करण्यात आली.

तबकडीचा आकार पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरतो. तथापि दुर्बिणीचे यश बऱ्याच अंशी तबकडीच्या नाभीपाशी बसविलेल्या एका छोट्याशा उपकरणावर अवलंबून असते. हे उपकरण म्हणजे विवर्धक, अर्थात अ‍ॅम्प्लिफायर. आकाशातून आलेला अतिक्षीण संकेत मोठा करणे हे त्याचे काम. हे काम करीत असताना त्याने स्वतःचा गोंगाट त्या संकेतात मिसळू नये, ही त्याच्याकडून असलेली मुख्य अपेक्षा होय. ही अपेक्षा पूर्ण करणे कठीण का असते, अभियंते त्यासाठी कोणते उपाय योजतात आणि या कामात सामान्य नागरिकांचा व ग्रामपंचायतींचा संबंध कोठे येतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकेत किती क्षीण?

दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या रेडिओ लहरींची तीव्रता मोजण्यासाठी ‘जान्स्की’ हे एकक वापरतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांमधील अभियंता कार्ल जान्स्की याने १९३०-४० या दशकाच्या आरंभी आकाशगंगेतून येणाऱ्या रेडिओ लहरी प्रथम ओळखल्या. त्याचे काम खगोलशास्त्राचे नव्हते. समुद्रापार जाणाऱ्या रेडिओ दूरध्वनीत खरखर कोठून येते, याचा तो शोध घेत होता. रेडिओ खगोलशास्त्राचा जन्मच असा गोंगाटाच्या चौकशीतून झाला.

आज एका जान्स्कीच्या हजाराव्या भागाइतक्या तीव्रतेचे स्रोतही नित्य अभ्यासले जातात. अशा स्रोताकडून खोडदच्या एका तबकडीला मिळणारी शक्ती आणि त्याच वेळी आकाश, जमीन व विवर्धक यांचा मिळून होणारा गोंगाट यांची तुलना केली, तर संकेत हा गोंगाटाच्या सुमारे तीन लाखांव्या भागाइतकाच भरतो. भरलेल्या जत्रेत एका माणसाने कानात सांगितलेली गोष्ट ऐकणे त्यामानाने सोपे म्हणावे लागेल.

संकेत लहान आहे म्हणून तो मोठा करून घ्यावा, हा विचार मनात सहज येतो. परंतु विवर्धक संकेत आणि गोंगाट असा भेद करीत नाही. प्रवेशद्वारी जे येईल ते सारेच तो सारख्या पटीने वाढवितो आणि वर स्वतःची भर घालतो. घरच्या रेडिओवर दूरचे केंद्र खरखरत असेल, तर आवाज वाढविल्याने खरखरही तितकीच वाढते, हा सर्वांच्या अनुभवाचा भाग आहे. यावरून या विषयातील मूलभूत तत्त्व ध्यानात येईल. एकदा संकेतात मिसळलेला गोंगाट पुढे विवर्धनाने वेगळा करता येत नाही. तो शिरण्यापूर्वीच अडवावा लागतो.

गोंगाटाचा उगम

विद्युत् मंडलातील गोंगाट हा सदोष बांधणीचाच परिणाम असतो असे नाही. त्याचा काही भाग निसर्गनियमानेच येतो. तारेतील वा रोधकातील इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत अस्ताव्यस्त हालचाल करीत असतात. त्यांच्या या हालचालीमुळे रोधकाच्या दोन टोकांमध्ये अत्यंत सूक्ष्म व सतत बदलणारा विद्युत् दाब निर्माण होतो. बेल प्रयोगशाळांमध्येच जे. बी. जॉन्सन यांनी हा गोंगाट मोजला आणि हॅरी नायक्विस्ट यांनी त्याची उपपत्ती मांडली. दोघांचेही शोधनिबंध १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. या गोंगाटाची शक्ती फक्त दोन गोष्टींवर अवलंबून असते : निरपेक्ष तापमान आणि ज्या कंप्रतांच्या पट्ट्यात आपण ऐकतो आहोत त्या पट्ट्याची रुंदी. रोधक कोणत्या कारखान्यात बनला, किती महाग आहे, याचा तिच्याशी संबंध नाही. म्हणूनच गोंगाट अंशांत मोजण्याची पद्धत या क्षेत्रात रूढ झाली आहे. एखाद्या विवर्धकाचा गोंगाट ३० केल्व्हिन आहे असे म्हटले, तर तो ३० केल्व्हिन तापमानाच्या रोधकाइतकी भर घालतो असा त्याचा अर्थ. विवर्धक प्रत्यक्षात तितका थंड असतो असे नव्हे.

गोंगाटाचा दुसरा प्रकार जर्मन शास्त्रज्ञ वॉल्टर शॉटकी यांनी १९१८ मध्ये दाखवून दिला. विद्युत् प्रवाह हा पाण्याच्या धारेसारखा अखंड वाटला, तरी तो सुट्या इलेक्ट्रॉनांचा बनलेला असतो. पत्र्याच्या छपरावर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांचा जसा तडतड आवाज होतो, तसाच ट्रँझिस्टरमधील सीमा ओलांडणाऱ्या इलेक्ट्रॉनांचाही होतो. तिसरा प्रकार मंद कंप्रतांना अधिक जाणवतो आणि कंप्रता वाढत गेली की कमी होतो. रेडिओ कंप्रतांवर काम करणाऱ्या विवर्धकात पहिल्या दोन प्रकारांचेच महत्त्व विशेष असते.

रुंद पट्ट्याची अडचण

साध्या हिशेबाने हा प्रश्न अधिक स्पष्ट होईल. सामान्य तापमानाला १,००० ओहमचा एक रोधक घेतला आणि १० किलोहर्ट्‌झ रुंदीच्या, म्हणजे ध्वनीला पुरेल अशा पट्ट्यात त्याचा गोंगाट मोजला, तर तो सुमारे ०.४ मायक्रोव्होल्ट भरतो. मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखांवा भाग. तोच रोधक ४०० मेगाहर्ट्‌झ रुंदीच्या पट्ट्यात मोजला, तर गोंगाट सुमारे ८० मायक्रोव्होल्ट, म्हणजे दोनशे पट होतो. दार जितके मोठे उघडावे तितका बाहेरचा कोलाहल आत अधिक येणार, हे उघडच आहे.

मग रुंद पट्टा हवाच कशाला, असा प्रश्न उपस्थित होईल. त्याचे उत्तर खोडदच्याच दुर्बिणीच्या इतिहासात मिळते. मूळ रचनेत ही दुर्बीण काही निवडक कंप्रतांभोवती एका वेळी ३२ मेगाहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा पाहत असे. पुढे २०१० नंतरच्या दशकात तिचे आधुनिकीकरण झाले आणि ती १२० ते १,४५० मेगाहर्ट्‌झ या विस्तारातील बहुतेक भाग चार मोठ्या पट्ट्यांत पाहू लागली. एका वेळी पाहण्याच्या पट्ट्याची रुंदी ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंत गेली. आकाशातील स्रोत सामान्यतः सर्व कंप्रतांवर लहरी पाठवीत असतात. त्यामुळे पट्टा रुंद केला की गोंगाट वाढतो तसा संकेतही वाढतो. शिवाय गोंगाट हा यादृच्छिक असल्याने अधिक मापनांची सरासरी घेतली की त्याचे चढउतार एकमेकांना मारतात. पट्टा साडेबारा पट रुंद केल्यास संवेदनक्षमता त्याच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे सुमारे साडेतीन पट वाढते.

रुंद पट्ट्याचे आणखीही एक कारण आहे. हायड्रोजन अणूपासून निघणारी रेडिओ लहर मूळची १,४२० मेगाहर्ट्‌झ कंप्रतेची असते. परंतु विश्व प्रसरण पावत असल्यामुळे दीर्घिका जितकी दूर, तितकी ही कंप्रता कमी होऊन आपल्यापर्यंत पोहोचते. जानेवारी २०२३ मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठ आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था येथील खगोलशास्त्रज्ञांनी खोडदच्या दुर्बिणीने टिपलेला असा एक संकेत प्रसिद्ध केला. तो सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला होता आणि येथे पोहोचेपर्यंत त्याची कंप्रता सुमारे ६२० मेगाहर्ट्‌झ झाली होती. वाटेतील दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगाप्रमाणे तो मोठा केला होता, म्हणूनच तो हाती लागला. त्याच वर्षीच्या जून महिन्यात जगातील अनेक गटांनी स्पंदक ताऱ्यांच्या दीर्घ निरीक्षणांतून अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे जाहीर केले. त्यांतील भारतीय गटाची निरीक्षणे खोडद येथेच झाली. आंतरतारकीय वायूमुळे स्पंदनांना होणारा विलंब अचूक काढण्यासाठी रुंद पट्ट्याचा त्या कामी मोठा उपयोग झाला.

पहिल्या पायरीचे महत्त्व

विवर्धन एका टप्प्यात होत नाही. अनेक विवर्धक एकामागून एक जोडलेले असतात. त्या सर्वांचा गोंगाट सारख्याच प्रमाणात बाधतो काय? बेल प्रयोगशाळांतील हॅराल्ड फ्रीस यांनी १९४४ मध्ये या प्रश्नाचे उत्तर एका सूत्रात दिले. समजा, पहिल्या विवर्धकाचा गोंगाट ३० केल्व्हिन आहे आणि तो संकेताची शक्ती शंभर पट वाढवितो. त्याच्या मागचा दुसरा विवर्धक निकृष्ट असून त्याचा गोंगाट ३०० केल्व्हिन आहे. दुसऱ्यापाशी येईपर्यंत संकेत शंभर पट झालेला असल्याने त्याच्या गोंगाटाचा परिणाम शंभरांश, म्हणजे अवघा ३ केल्व्हिन उरतो. एकूण गोंगाट ३३ केल्व्हिन होतो. याउलट दोघांची जागा बदलली, तर दुसरा विवर्धक कितीही चांगला असला तरी ३०० केल्व्हिनच्या खाली येणे शक्य नाही.

यापेक्षाही उद्बोधक उदाहरण तारेचे आहे. तबकडीच्या नाभीपासून लांब तार खाली आणून विवर्धक जमिनीवर ठेवला आणि त्या तारेत निम्मा संकेत वाया गेला, असे समजू. वाया गेलेल्या संकेताच्या जागी तारेचा स्वतःचा उष्णतेचा गोंगाट येतो. परिणामी ३० केल्व्हिनचा तोच उत्तम विवर्धक सुमारे ३५० केल्व्हिनच्या विवर्धकासारखा वागू लागतो. विहिरीपाशीच पाणी गढूळ झाले, तर पुढचा पाट सिमेंटने बांधून उपयोग नसतो. म्हणूनच पहिला विवर्धक उंचावर, तबकडीच्या नाभीपाशीच बसवितात. तेथून पुढे वाढविलेला संकेत प्रकाशतंतूंच्या साहाय्याने मध्यवर्ती इमारतीत आणला जातो. प्रकाशतंतूत वाटेतील विद्युत् व्यत्यय शिरत नाहीत, हा त्यातील आणखी एक लाभ.

रोधक टाळण्याची कला

अँटेना आणि विवर्धक यांची जुळणी नीट झाली नाही, तर संकेताचा काही भाग परत फिरतो. रुंद पट्ट्यावर ही जुळणी साधण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे प्रवेशद्वारी ५० ओहमचा एक रोधक जोडणे. परंतु हा रोधक अँटेनाकडून आलेल्या शक्तीचा वाटा खातो आणि स्वतःचा गोंगाटही देतो. एवढ्या एका सोप्या उपायाने सामान्य तापमानाच्या अँटेनाइतकाच गोंगाट नव्याने वाढतो.

यासाठी अभियंते विवर्धकाच्या निर्गमातील थोडा संकेत परत प्रवेशाकडे वळवितात. यास पुनःप्रदाय म्हणतात. तो योग्य रीतीने योजल्यास प्रवेशद्वारी हवा तेवढा रोध ‘भासतो’. परंतु प्रत्यक्ष रोधकाइतका गोंगाट मात्र होत नाही. काही रचनांत रोधकाऐवजी तारेचे वेटोळे वापरतात, कारण आदर्श वेटोळे उष्णतेचा गोंगाट करीत नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठातील संशोधकांनी एक वेगळीच युक्ती मांडली. तीत संकेत दोन वाटांनी नेला जातो. पहिल्या ट्रँझिस्टरचा गोंगाट दोन्ही वाटांनी परस्परविरुद्ध चिन्हांनी येतो आणि शेवटी बेरीज करताना नाहीसा होतो. संकेत मात्र एकाच चिन्हाने येत असल्याने वाढतो.

कमी वीज आणि कमी गोंगाट

ट्रँझिस्टरमधून अधिक प्रवाह सोडला की सामान्यतः त्याची संकेत वाढविण्याची क्षमता वाढते आणि त्या मानाने गोंगाट कमी होतो. एका मर्यादेपुढे मात्र प्रवाहाचाच गोंगाट वाढू लागतो. म्हणजे वीज वाचवावी तर गोंगाट वाढतो, असा हा पेच आहे. श्रवणयंत्र, बिनतारी संदेशाचे संच, उपग्रह अशा जेथे वीज मोजूनमापून मिळते, तेथे हा पेच रोजचाच आहे.

त्याचे भव्य उदाहरण सध्या ऑस्ट्रेलियात पाहावयास मिळते. ‘स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे’ हा आंतरराष्ट्रीय रेडिओ दुर्बिणीचा प्रकल्प ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका येथे उभारला जात आहे. भारताच्या केंद्रीय मंत्रिमंडळाने १,२५० कोटी रुपयांच्या तरतुदीसह त्यातील सहभागास मंजुरी दिली असून भारताच्या बाजूने पुण्याचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र त्यात अग्रभागी आहे. या प्रकल्पाच्या पश्चिम ऑस्ट्रेलियातील भागात झाडासारख्या दिसणाऱ्या १,३१,०७२ अँटेना असतील आणि त्या ५० ते ३५० मेगाहर्ट्‌झ इतका रुंद पट्टा पाहतील. प्रत्येक अँटेनाला लहरींच्या दोन दिशांसाठी दोन, याप्रमाणे विवर्धकांची संख्या अडीच लाखांवर जाते. प्रत्येक विवर्धकाने वॅटाचा दहावा भाग जरी वाचविला, तरी एकूण बचत सुमारे २६ किलोवॅट होते. वस्तीपासून दूर, ओसाड प्रदेशात तिचे मोल मोठे आहे.

येथे निसर्ग अभियंत्यांच्या मदतीस येतो. १५० मेगाहर्ट्‌झच्या आसपास आकाशगंगेचाच गोंगाट काहीशे केल्व्हिन असतो. अशा ठिकाणी विवर्धकाचा गोंगाट ४० वरून २० केल्व्हिनवर आणण्यासाठी दुप्पट वीज खर्च करणे व्यवहार्य नाही. १,४०० मेगाहर्ट्‌झच्या जवळ मात्र आकाश बरेच शांत, अवघे काही केल्व्हिन इतकेच असते. तेथे विवर्धकातील प्रत्येक अंशाचा हिशेब ठेवावा लागतो. गोंगाट मुख्यतः कोठून येतो ते आधी शोधावे आणि खर्च तेथेच करावा, हा नियम येथे लागू पडतो.

गोंगाट कमी करण्याचा लाभ किती, हेही आकड्यांत सांगता येते. एकूण गोंगाट १०० केल्व्हिनवरून ७० केल्व्हिनवर आणला, तर तेच निरीक्षण निम्म्या वेळात पूर्ण होते. तबकड्यांची संख्या न वाढविता दुर्बिणीचे तास जणू दुप्पट होतात.

डबी, तार आणि सरासरी

उत्तम आराखडाही हलगर्जी बांधणीने वाया जातो. विवर्धकाला वीज पुरविणाऱ्या तारेतून बाहेरची खरखर आत येऊ नये म्हणून तेथे गाळण्या बसवाव्या लागतात. विवर्धक धातूच्या बंद डबीत ठेवावा लागतो. डबीचे झाकण घट्ट नसेल किंवा अर्थिंगच्या जोडणीत दोष असेल, तर फटीतून गोंगाट शिरतो. मध्यवर्ती इमारतीत शेकडो संगणकीय मंडले असतात आणि संगणक हाही रेडिओ लहरी बाहेर टाकणारा स्रोतच आहे. म्हणून अशी यंत्रसामग्री धातूने वेढलेल्या खोल्यांत ठेवतात. दुर्बिणीला स्वतःच्याच घरातील गोंगाटापासूनही जपावे लागते.

इतके करूनही संकेत गोंगाटाच्या तीन लाखांव्या भागाइतकाच राहतो. तो शेवटी सरासरीने हाती येतो. ४०० मेगाहर्ट्‌झ रुंदीच्या पट्ट्यात एक तास मापने घेतली, तर सैद्धांतिक हिशेबाने सरासरीतील चढउतार मूळ गोंगाटाच्या सुमारे बारा लाखांव्या भागापर्यंत खाली येतात. त्यात आणखी एक सोय अशी की, प्रत्येक तबकडीच्या विवर्धकाचा गोंगाट स्वतंत्र असतो, तर आकाशातील संकेत सर्व तबकड्यांना समान असतो. दोन तबकड्यांच्या संकेतांचा मेळ घातला की समान भाग उरतो व वेगळा भाग गळून पडतो.

बाहेरचा गोंगाट

सरासरीचा हा उपाय यादृच्छिक गोंगाटावर चालतो. माणसाने निर्माण केलेल्या व्यत्ययावर मात्र तो अनेकदा चालत नाही. वीजवाहिनीवरील सैल सांधा किंवा तडकलेला चिनी मातीचा इन्सुलेटर ठिणग्या पाडीत राहतो आणि प्रत्येक ठिणगी शेकडो मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात पसरते. पूर्वी घरोघरी दूरदर्शनच्या अँटेना होत्या, तेव्हा चित्र स्पष्ट दिसावे म्हणून लोक स्वस्त बूस्टर बसवीत असत. बूस्टर हाही रुंद पट्ट्याचा विवर्धकच होय. त्याची रचना सदोष असली, तर पुनःप्रदाय अनावर होऊन तो स्वतःच लहरी निर्माण करू लागतो; ऐकण्यासाठी बसविलेले यंत्र बोलू लागते. रेडिओ दुर्बिणीला अशा बूस्टरांचाही उपद्रव होई.

रुंद पट्टा आणि कमी वीज या दोन्हींमुळे हा धोका अधिकच वाढतो. पट्टा रुंद असला की दूरचित्रवाणीचे व मोबाईलचे प्रबळ संकेतही आत येतात. अल्प विजेवर चालणारा विवर्धक त्यांच्या भाराने लवकर दबतो आणि दोन प्रबळ संकेतांच्या मिश्रणातून तिसराच खोटा संकेत तयार करतो. म्हणून प्रबळ केंद्रांच्या कंप्रता रोखणाऱ्या गाळण्या बसविल्या जातात. आधुनिकीकरणानंतरही खोडदच्या दुर्बिणीच्या चार पट्ट्यांत ८५० ते १,०५० मेगाहर्ट्‌झ हा भाग मोकळा सोडलेला आहे. ९०० मेगाहर्ट्‌झच्या आसपासची मोबाईल सेवा याच भागात येते. वीजवाहिन्यांच्या ठिणग्यांचा परिणाम तत्क्षणी ओळखून तेवढाच भाग वगळणारी संगणकीय योजनाही तेथील अभियंत्यांनी विकसित केली आहे. परंतु वगळलेला भाग म्हणजे गमावलेला संकेत, हे विसरून चालणार नाही.

आंतरराष्ट्रीय करारांनी १,४०० ते १,४२७ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा रेडिओ खगोलशास्त्रासाठी राखून ठेवला आहे आणि त्यात कोणासही प्रक्षेपण करता येत नाही. मात्र वर उल्लेखिलेला ८८० कोटी वर्षांपूर्वीचा संकेत ६२० मेगाहर्ट्‌झला, म्हणजे या राखीव पट्ट्याच्या बाहेरच मिळाला होता. कायद्याचे संरक्षण अरुंद पट्टीपुरते आहे. उरलेल्या विस्तीर्ण पट्ट्याचे संरक्षण अंतर, डोंगर आणि परिसरातील लोकांचे सहकार्य यांवरच अवलंबून राहते. शहराच्या कोलाहलापासून दूर असलेले खोडद या दुर्बिणीसाठी निवडण्यामागे रेडिओ शांतता हे एक प्रमुख कारण होते.

विकास आणि शांतता

ही शांतता टिकविण्याचा प्रश्न सोपा नाही. परिसरातील गावांना वीज, रस्ते, दूरध्वनी व उद्योग हवे आहेत आणि ती मागणी रास्त आहे. नियोजित पुणे-नाशिक वेगवान रेल्वेमार्गाच्या मूळ आखणीबाबत हाच प्रश्न उभा राहिला. दुर्बिणीच्या कामात व्यत्यय येईल या कारणास्तव रेल्वे मंत्रालयाने त्या आखणीस नकार दिला आणि पर्यायी मार्गाचा विचार सुरू झाला. परिसरातील लोकांनी मूळ मार्गाचा आग्रह धरला. एका बाजूस तालुक्याचे दळणवळण आणि दुसऱ्या बाजूस देशाची एक असाधारण वैज्ञानिक संपत्ती, असा हा तोल आहे. तो सांभाळताना दोन्ही पक्षांनी परस्परांची अडचण नेमकी समजून घेणे अगत्याचे आहे. ‘दुर्बिणीला त्रास होतो’ एवढ्या मोघम विधानाने गावकऱ्यांचे समाधान होणार नाही. तीन लाखांव्या भागाचा संकेत म्हणजे काय, हे त्यांना सांगितले गेले पाहिजे.

सुदैवाने या परिसरात करण्याजोगी कित्येक कामे अशी आहेत, की ज्यांत गावाचे व दुर्बिणीचे हित एकच आहे. ठिणग्या पाडणारा सांधा दुरुस्त केला, तर विजेची गळती व आगीचा धोकाही टळतो. पंपाच्या स्टार्टरचे झिजलेले संपर्क बदलले, तर मोटार अधिक काळ टिकते. वेल्डिंगच्या दुकानांना, दगडखाणींच्या यंत्रांना किंवा नव्या मनोऱ्यांना ना-हरकत देण्यापूर्वी ग्रामपंचायतीने केंद्रातील अभियंत्यांचा सल्ला घेतला, तर आरंभीच योग्य जागा निवडता येते. बांधकाम झाल्यावर ते हलविण्याची वेळ येत नाही.

शिक्षकांनाही हा विषय वर्गात प्रत्यक्ष दाखविता येण्यासारखा आहे. मध्यम लहरींवरील साधा रेडिओ दोन केंद्रांच्या मधल्या जागी लावावा आणि त्याच्याजवळ मोबाईलचा चार्जर, एलईडी दिवा किंवा मिक्सर सुरू करून पाहावा. कोणते उपकरण किती खरखर करते, किती अंतरावर ती थांबते, रेडिओची दिशा बदलल्यास काय फरक पडतो, याची नोंद विद्यार्थ्यांनी ठेवावी. आवाज वाढवून खरखर कमी होत नाही. चार्जर दूर नेल्यानेच होते, हे त्यांना स्वतःच्या कानांनी कळेल.

उत्तम विवर्धक तयार करणारा अभियंता उष्णतेचा, प्रवाहाचा व तारांचा गोंगाट निसर्गाने घातलेल्या मर्यादेपर्यंत खाली आणू शकतो. त्या मर्यादेच्या पलीकडचा गोंगाट मात्र त्याच्या टेबलावर निर्माण होत नाही. तो वीजवाहिनीच्या खांबावर, कारखान्याच्या आवारात आणि नकाशावर आखलेल्या रेषेत निर्माण होतो. तेथे पहिली पायरी अभियंत्याच्या हाती नसून परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याच्या आणि ठराव करणाऱ्या ग्रामपंचायतीच्या हाती आहे.